पंजाबरावांचं नाक आणि चार बाटल्या

अमरावतीच्या साईनगरात राहणाऱ्या पंजाबराव भुयारांना चार वर्षांपासून कसलाच वास येत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कळू दिली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय आहे बाप्पा! वय झालं की ऐकू कमी येतं, दिसतं कमी, गुडघे कुरकुरायला लागतात, आणि माणूस ते भेटेल त्याला सांगत सुटतो. खरं आहे. पण पंजाबराव उभा जन्म नाकावर जगलेले. संत्र्याच्या बागा पाहणं हा त्यांचा धंदा. आपल्याकडे व्यापारी बाग विकत घेतो ती फळ झाडावर असतानाच. वरून पिवळंधमक दिसणारं फळ आतून कोरडं निघालं तर त्याच्या गळ्याशी येतं. म्हणून सौद्याआधी पंजाबरावांना जीपमध्ये घालून न्यायचे. चांदूर बाजार असो की अंजनगाव सुर्जी, पद्धत एकच. पंजाबराव आधी बाग पायी फिरत. मग सावलीच्या बाजूचं एक फळ तोडून सालीत अंगठ्याचं नख रुतवत आणि डोळे मिटून फळ नाकाशी धरत. एक फोड चावून चोथा थुंकून टाकत आणि निकाल देत. "पंधरा दिवस थांबा." किंवा, "आजच उतरवा." किंवा नुसतंच, "चाला, चहा घेऊ," म्हणजे ही बाग घेऊ नका. चाळीस वर्षांत त्यांचा निकाल फिरला असं कोणी सांगितलं नाही. चांदूर बाजारचे व्यापारी नबीभाई तर म्हणायचे, "कागदावर अंगठा नंतर करू, पयले पंजाबरावचं नाक लागलं पायजे."

या नाकाचा घरात मात्र भारी जाच होता. पंचफुलाबाईंनी फोडणी घातली की हे बैठकीतून ओरडत, "मोहरी तडतडू देल्ली नाई तू!" तेल बदललं की कळायचं. कालचं पीठ आजच्या पिठात मिसळलं की कळायचं. शेजारणी म्हणत, नवरा असावा तर असा, जेवणात लक्ष असणारा. पंचफुलाबाई म्हणत, मग घेऊन जा न तुमच्या घरी, एक महिना ठेवा आणि मंग बोला.

या घरात एकच माणूस त्या नाकावर जीव टाकायचा. ती म्हणजे संध्या, त्यांची एकुलती एक पोट्टी. सहा-सात वर्षांची असल्यापासून ती बापाचं बोट धरून बागांमधून हिंडली. पंजाबराव फळ स्वतःच्या नाकाशी धरत, मग तिच्या. "काय येते?" विचारत. "संत्र्याचा वास येते," ती म्हणाली की, "ते तर आंधळ्यालेही समजते. अजून काय?" अशा "अजून काय" मधून ती पोर घडली. अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकली आणि नोकरीला लागली ती थेट नाशिकच्या वायनरीत. झालं! पंचफुलाबाईंनी सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकलं की पोरगी ज्यूसच्या कंपनीत आहे. अजूनही तेच सांगतात, आणि आता त्यांचा स्वतःचाही त्यावर बराचसा विश्वास बसला आहे.

पंजाबराव काही पिणारे नव्हते. पण चाखणारे होते, आणि चाखणं आणि पिणं यात त्यांच्या लेखी तेवढंच अंतर होतं जेवढं बाग पाहण्यात आणि बाग खाण्यात. कोरोनाच्या आदल्या वर्षी संध्यानं कंपनीची तांबडी वाइन आणली. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, एक घोट जिभेवर फिरवला, मोरीत थुंकला आणि म्हणाले, "पोरी, हे साफसुथरं हाये. पन यातलं फळ मेलं."

दुसरी कोणी असती तर रुसली असती. संध्या रात्रभर विचार करत राहिली आणि सहा महिन्यांत तिनं ती मोठी कंपनी सोडली. नाशिकजवळच एका छोट्या वायनरीत लागली. तिथं नैसर्गिक वाइन करत. म्हणजे काय, तर द्राक्षावर जे खमीर आपोआप असतं त्यानंच रस आंबवायचा, बाहेरचं खमीर घालायचं नाही, टिकावं म्हणून औषध टाकायचं नाही, गाळून गाळून आरशासारखी चकचकीत करायची नाही. फळ जसं असेल तसं बाटलीत उतरायचं. पगार कमी, कटकट जास्त. पण संध्या म्हणायची, बाबांनी सांगितलेलं जितं फळ इथंच सापडेल.

आणि मग २०२१चा एप्रिल आला. पंजाबरावांना कोरोना झाला, घरातच बरे झाले, ऑक्सिजनची गरज पडली नाही. सगळे म्हणाले, नशीब! फक्त वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल महिन्याभरात. महिना गेला, वर्ष गेलं. आंबट, गोड, तिखट, तुरट एवढं जिभेला कळायचं; पण मेथी कोणती आणि पालक कोणता हे डोळ्यांनी पाहून ठरवायची पाळी आली. त्या दिवाळीत नबीभाईंनी चांदूर बाजारच्या एका बागेत नेलं. पंजाबरावांनी नेहमीसारखे डोळे मिटले, फळ नाकाशी धरलं आणि अंदाजानं सांगितलं, "घ्या." तो माल दिल्लीला पोचेस्तोवर अर्धा सडला. नबीभाई एक शब्द बोलले नाहीत. पंजाबरावांनी दुसऱ्या दिवशीपासून गुडघेदुखीचं निमित्त धरलं आणि बागा सोडल्या.

घरात त्यांनी सोपा मार्ग काढला. जे ताटात येईल त्याला छान म्हणायचं. "पंचफुले, आज भाजी झकास झाली." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पंचफुलाबाईंच्या हातातला पळा खाली पडला होता.

तर अशा घरात या मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी वायनरीची गाडी थांबली. गाडी नागपूरला दुकानदारांकडे नमुने घेऊन चालली होती, सोमवारी परतताना संध्याला घेऊन जाणार होती. संध्या उतरली ती थर्माकोलचा डबा छातीशी धरून, तान्ह्या लेकराला धरतात तसा.

"बाबा, बसा. पयले बसा," ती चपला काढायच्या आधीच बोलली. "मालकानं मले सहाशे बाटल्या देल्ल्या. माह्या नावाच्या. लेबलवर लिहून येईन, संध्या भुयार."

पंजाबराव बसले. पंचफुलाबाई पुढे आल्या. "आडनाव लिहाची काय गरज हाये?" त्या म्हणाल्या.

संध्यानं डबा उघडला. आत बर्फाच्या पिशव्यांमध्ये चार बाटल्या. चारही सारख्याच काचेच्या, सारख्याच बुचाच्या. द्राक्ष एकच, मागच्या साली फेब्रुवारीत तोडलेलं. पण एक वाइन मातीच्या रांजणात आंबवलेली, एक जुन्या लाकडी पिंपात, एक स्टीलच्या टाकीत आणि एक घडाच्या देठांसकट. प्रत्येकीवर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर संध्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं की ही कोणती आणि हिला कसला कसला वास आहे.

"यातली एकच निवडाची हाये. सोमवारी मालकाले सांगा लागते. मले चौघीही आपल्याच वाटतात, रोज चाखून चाखून माहं डोकं फिरलं. म्हनून तुमच्यापाशी आणल्या. तुमी म्हनसान ती."

"मी?" पंजाबराव म्हणाले.

"मंग कोन? तुमच्या एका बोलण्यावर मी नोकरी सोडली, बाबा."

 ही सहा वर्षं जिच्यापायी राबली ती गोष्ट आता त्यांच्या नाकावर येऊन टेकली होती, आणि नाक तर कधीचं गेलेलं. सांगून टाकावं असं त्यांना त्याच क्षणी वाटलं, खरंच वाटलं. पण पोरगी त्यांच्याकडे अशी पाहत होती की तोंड उघडेना. जगात आपल्याला असं पाहणारं हे एकच माणूस उरलं आहे, तेही घालवून बसायचं का? मग त्यांची नजर चिठ्ठ्यांवर गेली आणि त्यांच्या डोक्यात एक चोर शिरला. चिठ्ठ्या पाठ करायच्या! शनिवारी संध्या अकोल्याला साधनाकडे, तिच्या मैत्रिणीकडे, बारशाला जाणार होती. दिवसभर वेळच वेळ. चार बाटल्यांची चार वाक्यं, शाळकरी पोरगंही पाठ करेल.

शनिवारी सकाळी निघताना संध्यानं बजावलं, "बाबा, यांच्यात टिकण्यासाठी काईच टाकलं नाई, म्हनून गरमी सोसत नाई. आन फ्रीजमधी नका ठेवजा, लाल वाइन लय थंडी केली की मुकी होते, वासच देत नाई. मधली गारवी पायजे."

आता मधली गारवी मे महिन्यातल्या अमरावतीत कुठून आणायची? बाहेर पंचेचाळीस अंश. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ सकाळीच पाणी झाला होता. फ्रीजमध्ये चार. पंजाबरावांनी घरभर हिंडून विचार केला आणि एका ठिकाणी येऊन थांबले. कूलर! नवी वाळ्याची ताटी लावलेला, रात्रंदिवस चालणारा, टाकीतलं पाणी माठासारखं गार. त्यांनी हात घालून पाहिला. ना फार थंड, ना गरम. वा रे पठ्ठ्या! त्यांनी चारही बाटल्या टाकीत उभ्या केल्या, झाकण लावलं आणि चिठ्ठ्या आंघोळीनंतर लिहून घेऊ म्हणून आंघोळीला गेले. आंघोळ झाली तर पंचफुलाबाईंनी बेसन आणायला पिटाळलं, कारण पोरीसाठी पातोडीची भाजी करायची होती. बेसन आणलं तर जेवायची वेळ झाली. जेवण झालं तर कूलरची ती वाळ्याची ओली हवा अंगावर आली. वऱ्हाडात मे महिन्यात दुपारी जेवून कूलरसमोर जो माणूस जागा राहील त्याचा सत्कार केला पाहिजे. पंजाबराव झोपले.

उठले ते घामानं. पंखा गरागरा फिरत होता, पण हवा भट्टीतली. ताटी कोरडी ठक्क. पंपच बंद पडला होता. कुरकुरत त्यांनी झाकण काढलं, पंप वर उचलला आणि पाहतच राहिले. पंपाच्या जाळीत पांढरा लगदा बसला होता. चारही बाटल्यांवर एकही चिठ्ठी नव्हती. गोंद सुटला होता, कागद विरघळला होता आणि शाई पाण्यात कुठल्या कुठे गेली होती.

तेवढ्यात दारात नबीभाई उभे. अमरावतीत काही काम होतं, जाता जाता खरबूज घेऊन आले होते. पंजाबराव कूलरच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून लगदा गोळा करताहेत हे पाहून ते तिथंच थबकले.

"क्या हो गया पंजाबराव?"

पंजाबरावांनी ओल्या लगद्याचा गोळा पुढे केला. "लेकीच्या चिठ्ठ्या होत्या. आता मले कसं समजन कोनती कोनती ते?"

"चिठ्ठी कायले पायजे? तुमचं नाक हाये ना," नबीभाई म्हणाले. मग त्यांनी पंजाबरावांच्या हातातल्या लगद्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "नाई हाये. मले त्या दिवशी बागेतच समजलं होतं. तुमी फळ नाकाशी धरलं आन डोळे लवकर उघडले."

"मंग बाग काहून घेतली?"

"चाळीस साल तुमच्या बोलण्यावर घेतली. एक दिवस नाई म्हनलो असतो तर तुमाले कसं वाटलं असतं?" नबीभाईंनी खरबूज टेबलावर ठेवलं. "लेकीले सांगून टाका, पंजाबराव. माह्यावाला तर निस्ता माल होता. तिचं तर नाव लागून राहिलं."

"पाहू," पंजाबराव म्हणाले. पाहू म्हणजे नाही, हे नबीभाईंनाही कळत होतं. ते चहा न घेताच गेले.

संध्या अकोल्याहून एस.टी.नं दिवेलागणीला आली. बापाचं तोंड पाहून तिला वाटलं बाटल्या फुटल्या. खरं कळलं तेव्हा ती पोट धरून हसायला लागली. "कूलरमधी! बाबा, वाइनवाले लाख लाख रुपयांच्या मशिनी घेतात, आन तुमी कूलरमधी!" तिनं एका बाटलीला हात लावला आणि हसू थांबवून म्हणाली, "पन गारवी एकदम बरोबर हाये हं." मग वाईट वाटून घेतलेल्या बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "चिठ्ठ्या गेल्या तं गेल्या. बरंच झालं. आता माह्या लिहिण्याचा परिणाम होणार नाई. निस्तं तुमचं नाक."

आईच्या कपाटातून तिनं टिकल्यांचं पाकीट आणलं. एका बाटलीला एक टिकली लावली, दुसरीला दोन, अशा चौघींना. सरबताचे काचेचे ग्लास पुसून मांडले. बुचं काढून अर्धा तास तशाच ठेवल्या. "बंद घरात शिरलं की कसं खिडकी उघडून जराक थांबा लागते, तसंच हे," ती आईला समजावत होती. "पयल्यांदा कोंदट येते, कधी तं गोठ्यासारखा. भ्यायचं नाई, तो उडून जाते. आन खाली गाळ दिसला तरी खराब समजाची नाई. ग्लासात थोडीशीच घ्याची, म्हंजे वासाले जागा राहते." पंचफुलाबाई लांबूनच ऐकत होत्या, पातोड्या थापत. त्यांच्या मते ज्यूसच्या मानानं हे सगळं फार होतं.

पहिला ग्लास पुढे आला. पंजाबरावांनी डोळे मिटले, नाकाशी धरला. आत काहीच नव्हतं. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहावं तसं. चिठ्ठ्यांवर ओझरतं वाचलेलं एक वाक्य मात्र आठवत होतं. "जांभूळ," ते म्हणाले. संध्यानं मान डोलावली, वहीत लिहिलं. पंजाबरावांना हायसं वाटलं. जमतं आहे की!

दुसरा ग्लास. "गुलकंद."

संध्यानं स्वतःचा ग्लास हुंगला. पुन्हा हुंगला. "गुलकंद? मले तर ओल्या मातीचा येऊन राहिला. रांजणातली वाटली ही."

"गुलकंदच," पंजाबराव म्हणाले, आणि आवाज जरा चढवला, कारण खालच्या आवाजात खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही.

संध्यानं तिसऱ्यांदा हुंगलं. तिच्या कपाळावर आठी आली. मग तिनं वहीतली आपली ओळ खोडली. "माहंच चुकत असन," ती हळूच म्हणाली, आणि खोडलेल्या ओळीवर लिहिलं, गुलकंद.

पंजाबरावांनी ते पाहिलं.  ही तीच पोट्टी होती जिला त्यांनी बागेबागेतून हिंडवून सांगितलं होतं, नाकाला येईल ते बोलायचं, दुसऱ्याचं ऐकून बोलायचं नाही. आज तिचं नाक खरं बोलत होतं आणि ती ते बापाच्या थापेवरून खोडत होती. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"संध्या. ते खोडू नोको."

"काहून?"

"मले वास येत नाई."

"कोनता?"

"कोनताच नाई. कोरोनापासून. गुलकंद मी मनानं सांगितलं. जांभूळबी चिठ्ठीवर वाचलं होतं." एकदा बांध फुटल्यावर त्यांना थांबता येईना. "तुह्या चिठ्ठ्या पाठ करून तुले फसवणार होतो मी. कूलरनं वाचवलं म्हन. माहं नाक मेलं, पोरी. तुह्या बापापाशी आता काईच नाई राहलं."

 मग स्वयंपाकघराच्या दारातून पळा हातात घेऊन पंचफुलाबाई पुढे आल्या. पोरीनं रडावं की बापानं, याचा निकाल लागायच्या आत त्याच कडाडल्या.

"चार वर्सं! चार वर्सं तुमी माह्या भाजीले झकास म्हनून राहले! मले वाटलं माणूस सुधारला. मी देवाले नारळ फोडला, अवो! शेजारच्या शकुनले सांगितलं की आमचे आता नावं ठेवत नाईत, माह्या हाताले चव आली! आन तुमाले काई समजतच नोयतं?"

"तिखट समजत होतं," पंजाबराव खालमानेनं म्हणाले.

"तिखट समजत होतं म्हने!" पंचफुलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्याच दमात नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "एवढं मोठं दुखणं एकट्यानं कायले काढलं? मी का मेली होती?"

संध्या उठून बापाच्या पायाशी जमिनीवर येऊन बसली. ती रडत होती आणि तिला हसूही येत होतं. "तरीच म्हनलं बाबा फोनवर प्रत्येक येळी आईची तारीफ काहून करतात," ती म्हणाली. "मले वाटलं म्हातारपणी प्रेम वाढलं." यावर तिघंही हसले, आणि पंजाबरावांना चार वर्षांत पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

मग जेवायला बसले. पातोडीचा झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकर, कांदा, आणि ताटाशेजारी ओळीनं चार ग्लास. संध्या म्हणाली, "नाक नाई तं नाई. जीभ काय म्हनते ते सांगा." आणि बापाची जीभ बोलायला लागली, जुन्या ठसक्यात. "एकवाली बरी हाये, पन पानचट. रश्श्यापुढं टिकत नाई." "चारवाली घशाले धरते. तिखटासंगं तोंडात आग लावते, हे लाकडाचं काम दिसते." "दोनवाली नरम हाये, म्हाताऱ्या माणसाले चालन." संध्या भराभर लिहून घेत होती. तीन टिकल्यांच्या ग्लासचा घोट त्यांनी भाकरीच्या घासावर घेतला, आणि तिखटानं पेटलेली जीभ हळूहळू निवत गेली. आंबट होती, जराशी तुरट होती, तोंडाला पाणी सुटत होतं. त्यांनी न बोलता आणखी एक घास मोडला.

"वास कसा हाये हिले?" त्यांनी विचारलं. "मले सांग."

संध्यानं ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "ही देठाची. मिरी येते, बाबा. ताजी, नुकतीच कुटलेली."

"अजून काय?"

"अंजनगावच्या पानमळ्यात शिरल्यावर येते न, ओला, हिरवा, अंधारा... तो. आन त्याच्या मागून जांभूळ, पन झाडाखाली पडून फुटलेलं, उन्हात तापलेलं. आन एकदम शेवटी... थांबा..." ती पुन्हा हुंगायला लागली. "संत्र्याची साल. तुमी नख रुतवल्यावर उडते ती. द्राक्षात कुठून आली काय माहीत, पन हाये." ती बोलत राहिली आणि पंजाबराव डोळे मिटून ऐकत राहिले. पानमळा त्यांना लागला, जांभळाची सावली लागली. पंचफुलाबाई भाकर वाढायची थांबल्या होत्या.

शेवटी संध्यानं ग्लास ठेवला. "पन ही चालणार नाई," ती म्हणाली. "सगळ्यात गढूळ हीच. दुकानदार म्हणतीन खराब झाली. मालकालेबी स्टीलच्या टाकीवालीच आवडते, ती एक टिकलीची. तीच साफ दिसते."

"तुह्या वहीत पाह्य," पंजाबराव म्हणाले.

तिनं पाहिलं. एक, दोन आणि चारच्या खाली ओळीच ओळी होत्या. तीनच्या खाली कोरं. बोलता बोलता ती लिहायचंच विसरली होती.

"बाबा, तुमी सांगा न. तीन घेऊ?"

पंजाबरावांच्या ओठावर 'घे' आलं होतं. चाळीस वर्षं ते एका शब्दात निकाल देत आले होते. त्यांनी तो शब्द गिळला. "मले काहून विचारतं? नाक तुहं हाये."

 संध्यानं हात धुतला, फोन उचलला आणि सोमवारची वाट न पाहता मालकाला लावला. "सर, देठांसकट आंबवलेली घेऊ... हो, गढूळ आहे, माहीत आहे मला. तशीच राहू द्या, गाळू नका." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती वळली आणि बापाकडे पाहत म्हणाली, "नाही सर, वडिलांनी नाही. मी निवडली."

पंजाबरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मान वळवली, तीन टिकल्यांचा ग्लास उचलला आणि नाकाशी धरला. वास काही आला नाही. पण लेक फोनवर बोलत होती तोवर त्यांनी तो तसाच धरून ठेवला.